निदानाचे व्याकरण

गेल्या जुलै महिन्यात एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला मी ६१,४४० रुपये दिले. ते नेमके कशासाठी दिले हे मला आजही सांगता येत नाही, आणि ज्यांनी ते घेतले त्यांनाही सांगता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. मोटारगाडीचे हे रडगाणे साहित्याच्या वाचकांपुढे कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. माझ्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो मला विचारलाही : "सर, हे आपलं क्षेत्र नव्हे." त्यांचे हे वाक्यच मला या लेखापर्यंत घेऊन आले. ज्या व्यवहारात एक माणूस संदिग्ध वाक्ये बोलतो, दुसरा ती निमूट ऐकतो आणि त्या संदिग्धतेची किंमत ऐकणारा भरतो, तो व्यवहार भाषेच्या शिक्षकाचे क्षेत्र नसेल, तर आपले क्षेत्र नेमके उरते कोणते?

प्रथम घडले ते सांगतो. मी तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. एका ठिकाणी सकाळी साडेसातचा तास, दुसऱ्या ठिकाणी साडेअकराचा. मध्ये ४१ किलोमीटर. एस. टी.च्या वेळा या गणितात बसत नाहीत म्हणून नऊ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी एक छोटी गाडी मी दुसऱ्या हाताने घेतली. तासिका तत्त्व म्हणजे काय हे या वाचकांपैकी अनेकांना सांगावे लागणार नाही. घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते. न घेतलेल्या तासाचे मिळत नाही, मग तो पावसामुळे चुकलेला असो वा तापामुळे. आणि जे मिळायचे तेही बहुधा सत्र संपल्यानंतर केव्हातरी मिळते.

एका पावसाळी सकाळी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन क्षणभर धरले आणि बंद पडले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मीटरपाशी चावीच्या आकाराचा एक लहान दिवा लुकलुकत होता. गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे स्कॅनर लावला गेला आणि 'इमोबिलायझरचा प्रॉब्लेम' असल्याचे सांगण्यात आले. आधी चावी आणि अँटेना कॉइल बदलली. गाडी सहा दिवस चालली. सातव्या दिवशी तोच दिवा, तेच बंद पडणे. मग ईसीएम, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, बदलावा लागेल असे ठरले. तो येईपर्यंत दिवस गेले. सगळे मिळून गाडी एकोणीस दिवस तिथे होती. हिशेब असा : चावी आणि तिचे कोडिंग ७,२००, कॉइल ३,९००, ईसीएम ३८,६००, त्याचे कोडिंग २,९५०, मजुरी ४,८००, तीन वेळा स्कॅनिंग, प्रत्येकी १,१८० प्रमाणे ३,५४०. आणि शेवटच्या बिलात तळाशी एक ओळ : 'वायरिंग चेक, अर्थ क्लीन' : ४५० रुपये.

गाडी आता चालते. पण ज्या दिवशी ३८,६०० रुपयांचा ईसीएम बसवला त्याच दिवशी ४५० रुपयांत अर्थिंगचे गंजलेले टोकही साफ केले गेले. यांपैकी कशाने गाडी सुरू झाली? मी विचारले. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "आता चालू झाली ना सर!" मी जुना ईसीएम मागितला. तो कंपनीकडे परत जातो, असे उत्तर आले. म्हणजे तो खरोखर बिघडला होता का हे तपासण्याचे जे एकमेव साधन होते, तेही माझ्या पैशाने बदलून माझ्या हातून गेले.

इथे यंत्राविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण अज्ञानाची ढाल दोन्ही बाजूंनी वापरली जाते. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. या चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही. कुलपाभोवती गुंडाळलेली कॉइल रेडिओलहरींतून, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर, तिला शक्ती पुरवते. गाडी चिपला एक यादृच्छिक आकडा देते. चिप आपल्याजवळच्या गुप्त संकेताने त्याचे उत्तर तयार करून परत पाठवते. उत्तर जुळले तर ईसीएम इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळू देतो. न जुळले तर नाही. हा सगळा संवाद डोळ्याचे पाते लवण्याच्या अवधीत होतो. व्यवस्था चांगली आहे, आणि तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. युरोपात १९९८ च्या सुमारास नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. कॅनडात २००७ मध्ये झाली. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. इमोबिलायझर नसलेल्या काही मॉडेलांच्या गाड्या तिथे २०२१-२२ पासून मोठ्या संख्येने चोरल्या गेल्या, आणि चोरीची रीत पोरासोरांनी एकमेकांना व्हिडिओतून शिकवली. तेव्हा माझे भांडण इमोबिलायझरशी नाही.

भांडण आहे ते त्याच्या वाचनाशी. माझ्या गाडीच्या स्कॅनरवर दोन्ही वेळा उमटलेला संकेत होता यू०१६७. हा प्रमाणित संकेत आहे. त्याचा अर्थ 'इमोबिलायझर मॉड्यूलशी संपर्क तुटला'. हे वाक्य नीट वाचा. दोघांचे बोलणे थांबले आहे एवढेच ते सांगते. कोण गप्प बसले, कोणाला ऐकू आले नाही, की दोघांमधली तार तुटली, हे ते सांगत नाही. बोलणारे मॉड्यूल, ऐकणारा ईसीएम, मधली वायर आणि तिचे जोड, उंदरांनी कुरतडलेले आवरण, गंजलेले अर्थिंग, स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली जाऊ देणारी थकलेली बॅटरी : यांपैकी कोणीही 'संपर्क तुटला' या वाक्याचा कर्ता असू शकतो. चावी ओळखलीच जात नसेल तर त्यासाठी 'चुकीची चावी' असा वेगळा संकेत, पी०५१३, उपलब्ध आहे. तो उमटला नव्हता. तरी पहिल्या फेरीत बदलली गेली ती चावीच.

मला यातले काय कळते, असे कोणी विचारील. रास्त आहे. पण मग ज्याला कळते त्याने उत्तर द्यायला हवे होते. त्याने दिलेले उत्तर असे होते : "सिस्टीम दाखवतेय सर."

आता आपण आपल्या क्षेत्रात आलो.

'सिस्टीम दाखवतेय' या वाक्याचा कर्ता सिस्टीम आहे. ती काय दाखवते हे वर पाहिले. ती 'संपर्क तुटला' दाखवते. 'ईसीएम गेला' हा त्यावरून कोणा माणसाने काढलेला निष्कर्ष आहे. साक्षीदाराचे म्हणणे आणि न्यायाधीशाचा निकाल यांतले अंतर या एका वाक्याने पुसून टाकले जाते, आणि निकाल देणारा माणूस वाक्यातून नाहीसा होतो. पुढचे वाक्य : 'ईसीएम बदलावा लागेल.' इथे तर कर्ता उरलाच नाही. आणि कोणाला लागेल असे विचारले, तर चतुर्थीत हळूच येऊन बसतो तो ग्राहक : तुम्हाला बदलावा लागेल. सक्ती कोठून आली ठाऊक नाही. ती कोणावर आली ते मात्र स्पष्ट आहे. तिसरे वाक्य मी चार वेगवेगळ्या तोंडून ऐकले : 'होऊन जाईल.' मराठीत याहून निराकार आश्वासन सापडणे कठीण. काय होईल, कोण करील, केव्हा, आणि न झाले तर काय, यांतल्या एकाही प्रश्नाला ते वाक्य बांधील नाही.

पण या सगळ्यांवर ताण करणारे वाक्य म्हणजे 'आपण बदलून बघू.' मराठीला एक सोय आहे जी इंग्रजीला नाही. आपल्याकडे ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा भेद शिकवताना मी आजवर 'आपण जेवू' आणि 'आम्ही जेवू' अशी भाबडी उदाहरणे देत आलो. आता माझ्याकडे चांगले उदाहरण आहे. ईसीएम मागवण्याच्या वेळी : "आपण बदलून बघू." एस्टिमेटच्या वेळी : "तुम्हाला अडतीस हजार सहाशे पडतील." आणि त्याने दोष गेला नाही तर काय, असे विचारल्यावर : "त्याची गॅरंटी आम्ही देऊ शकत नाही." प्रयोगात आपण, खर्चात तुम्ही, जबाबदारी नाकारताना आम्ही. तीन सर्वनामांत एका धंद्याचे संपूर्ण अर्थशास्त्र आले. आणि 'बघू'! हे बघणे म्हणजे परीक्षण नव्हे. करून पाहणे, खाऊन पाहणे, तसे हे बदलून पाहणे. ज्याला पाहायचे आहे त्याने स्वतःच्या खर्चाने पाहावे अशी साधी अपेक्षा या क्रियापदात असते. इथे बघणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की डॉक्टर तरी दुसरे काय करतात? तेही एक औषध देऊन पाहतात, गुण नाही आला तर दुसरे देतात. अनिश्चितता ही ज्ञानाचीच मर्यादा आहे. तिच्यासाठी कारागिराला फाशी का द्यायची? आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर सावकाश दिले पाहिजे.

अनिश्चितता हा गुन्हा नाही हे मला मान्य आहे. किंबहुना 'मला नक्की सांगता येत नाही' हे वाक्य त्या एकोणीस दिवसांत कोणी उच्चारले असते तर मी त्याच्यावर अधिक विश्वास ठेवला असता. आपल्या परंपरेत 'निदान' या शब्दामागे पुष्कळ विचार आहे. आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांतला उपशय म्हणजेच 'देऊन पाहणे'. आहार, विहार किंवा औषध देऊन आराम पडतो की त्रास वाढतो यावरून रोग ओळखायचा. तेव्हा 'बदलून बघू'ला शास्त्राचा आधार नाही असे मी म्हणणार नाही. पण उपशयाला अर्थ येतो तो लक्षणे स्वतःहून काही सांगेनाशी झाल्यावर. इथे लक्षणे विचारलीच गेली नव्हती. अर्थिंगमध्ये व्होल्टेज किती पडते हे मोजायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणि दहा मिनिटे लागतात. बॅटरी तपासायला त्याहून कमी. जोड हलवून पाहायला हात पुरतात. हे सगळे ईसीएमच्या आधी यायला हवे होते. ते ईसीएमबरोबर, बिलाच्या शेवटच्या ओळीत, जाता जाता आले. शिवाय दोन औषधे एकाच दिवशी देऊन कोणत्याने गुण आला हे कोणत्याही वैद्याला सांगता येणार नाही. उपशयातली परीक्षाच त्याने नष्ट होते. म्हणजे माझ्या गाडीवर झाला तो प्रयोगही नव्हता. प्रयोगाचे फक्त बिल झाले.

डॉक्टरांच्या तुलनेत आणखी एक गोष्ट विसरली जाते. साध्या यांत्रिक भागाबाबत 'बदलून बघणे' निरुपद्रवी असू शकते : दुसऱ्या गाडीचा चांगला भाग तात्पुरता लावावा, फरक पडला तर नवा घ्यावा, नाही तर जुना परत बसवावा. जुने मेकॅनिक पिढ्यान्पिढ्या असेच करत आले. ईसीएमचे तसे नाही. इमोबिलायझर असलेल्या गाडीत ईसीएम त्या विशिष्ट गाडीशी आणि तिच्या चाव्यांशी संकेताने बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीतला आणून लावला तर तो ही गाडी सुरू होऊ देत नाही. तेच तर त्याचे काम. आणि नवा एकदा या गाडीशी बांधला की तो परत घेतला जात नाही. म्हणजे इथे केवळ तपासण्यासाठीही आधी विकत घ्यावे लागते. चोरापासून रक्षण करणाऱ्या कल्पनेने मालकाच्या तपासणीचा हक्कही बंद केला, आणि हे बंद दार उघडण्याचे कोडिंगचे अवजार फक्त अधिकृत केंद्राच्या हाती ठेवले.

'अधिकृत' हा शब्द आपण किती सहज गिळतो! अधिकृत म्हणजे अधिकार दिलेला. कोणी दिला? ज्याने वस्तू बनवली त्याने. ज्ञानाची कसोटी त्यात कुठेच येत नाही. 'लेखकाचा मृत्यू' हा रोलाँ बार्थचा १९६७ चा निबंध आपण एम. ए.च्या वर्गात आवेशाने शिकवतो. संहितेवर लेखकाची मालकी नाही, अर्थ वाचकाच्या हाती आहे, कोणतेही वाचन अंतिम नाही. वर्ग संपतो, आपण खाली येतो, गाडी सुरू होत नाही, आणि निर्मात्याच्या प्रतिनिधीने दिलेले एकमेव वाचन आपण प्रश्न न विचारता सही करून स्वीकारतो. लेखक मारायला आपल्याला वेळ लागत नाही. कंपनी मात्र आपल्या लेखी अमर आहे.

ही थट्टा नाही. न्यायदर्शनाने शब्द हे प्रमाण मानले, पण कोणाचाही शब्द नव्हे; आप्ताचा. आणि आप्त कोण, याची वात्स्यायनाने केलेली व्याख्या विलक्षण उदार आहे : ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सर्वांना सारखे लागू होते असेही तो सांगतो. जात, पद, परवाना यांचा संबंध नाही. ही कसोटी सर्व्हिस सेंटरला लावून पाहा. काउंटरवरच्या ॲडव्हायझरने गाडीचे बॉनेट उघडलेले नव्हते. त्याला जाणणे नाही. आत ज्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने उघडले, त्याच्याशी मला बोलू दिले गेले नाही; त्याला सांगणे नाही. आणि ज्या कंपनीला आपल्या संकेतांचा पूर्ण अर्थ ठाऊक आहे, तिला सांगण्याची इच्छा नाही. तिघे मिळून एक आप्त होत नाही.

त्या मुलाविषयी मला राग नाही हे इथे नोंदवतो. तोही बहुधा माझ्यासारखाच कुठल्या तरी तत्त्वावर नेमलेला असेल. राग आहे तो एका विषमतेविषयी. मी घेतलेल्या तासाचेच मला पैसे मिळतात. मी वर्गात जाऊन 'या कवितेचा अर्थ बघू, लागला तर लागला' असे म्हणून परत आलो तर विद्यार्थी हसतील आणि प्राचार्य बोलावतील. त्या केंद्राला मात्र चुकलेल्या तर्काचेही पूर्ण पैसे मिळाले. पहिल्या फेरीत बदललेली चावी आणि कॉइल यांनी दोष गेला नाही हे सातव्या दिवशी सिद्ध झाले. तरी ते ११,१०० रुपये परत देण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. उलट दुसऱ्या स्कॅनिंगचे १,१८० रुपये पुन्हा लागले. स्वतःचे पहिले वाचन चुकले, म्हणून दुसऱ्या वाचनाचे शुल्क.

कंपन्यांच्या बाजूने एक मोठे कारण पुढे केले जाते : सुरक्षितता. संकेत आणि अवजारे सर्वांना दिली तर चोरांना दिल्यासारखेच. हे ऐकायला बिनतोड वाटते. पण संकेतशास्त्राने या कारणाचा निकाल फार पूर्वी लावला आहे. ऑगस्ट केरकॉफ्स या भाषाशिक्षकाने (होय, तो भाषा शिकवत असे) १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना हे तत्त्व मांडले की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. इमोबिलायझरच्या बाबतीत या तत्त्वाकडे पाठ फिरवल्याचे परिणाम नोंदलेले आहेत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चाळीस बिटांच्या चिपची गुप्त पद्धत उलगडून दाखवली. २०१३ मध्ये मेगामॉस या दुसऱ्या चिपमधले दोष दाखवणारा निबंध बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधल्या तिघा संशोधकांनी लिहिला, तेव्हा फोक्सवागनने इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून त्याच्या प्रकाशनाला मनाई मिळवली. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, तो प्रसिद्ध झाला. वगळले होते फक्त एक वाक्य. एका वाक्यासाठी दोन वर्षे. त्या दोन वर्षांत दोष गाड्यांतून गेला नाही. तो मालकांपासून लपून राहिला, इतकेच. गुप्ततेने चोर अडतो की नाही ही शंकेची गोष्ट आहे. कोपऱ्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन मात्र नक्की अडतो.

आणि ही केवळ माझी तक्रार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची अवजारे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देऊन त्यांनी दुरुस्तीची बाजारपेठ आपल्यापुरती बंद केली, हा त्यामागचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे अपिले झाली. पण एका सरकारी निकालात हे लिहिले गेले हे महत्त्वाचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये याच प्रश्नावर थेट मतदान झाले आणि मतदारांनी प्रचंड बहुमताने दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारगाड्यांचा समावेश आहे. पोर्टल आहे, सक्ती करणारा स्वतंत्र कायदा नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे? मला वाटते, आपण समजतो त्याहून पुष्कळ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या 'त्रुटी'ची जी व्याख्या आहे, तिच्यात संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे स्पष्टपणे येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. लागते ती एक गोष्ट, जी आपल्याला येते असा आपला दावा आहे : घडलेले क्रमाने, नेमक्या शब्दांत, कर्त्यासह लिहिणे.

म्हणून गाडी आत देताना आता मी चार गोष्टी लेखी मागतो. स्कॅनरवरचे संकेत जसेच्या तसे आणि मोजलेली मूल्ये. त्यांवरून काढलेला निष्कर्ष, आणि तो कोणी काढला त्याचे नाव. स्वस्तापासून महागाकडे, एका वेळी एकच बदल. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत. पाचवी गोष्ट तत्त्वाची आहे आणि ती मिळवायला भांडावे लागेल : बदललेला भाग दोषाचे कारण नव्हता असे सिद्ध झाले, तर त्याचा खर्च ज्याने निदान केले त्याचा. 'आपण बदलून बघू' म्हणणाऱ्याने बिलातही 'आपण' असावे, एवढीच ही मागणी आहे. प्रामाणिक कारागिराला तिची भीती वाटायचे कारण नाही. ज्याला खात्री नाही तो तसे सांगेल, आणि मग जुगार खेळायचा की नाही हे मी ठरवीन.

माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे परत येतो. यंत्रातले आपल्याला काही कळत नाही हे आमच्या विभागात थोड्या अभिमानानेच सांगितले जाते. जणू ते संवेदनशीलतेचे प्रमाणपत्र आहे. या अभिमानाची मला आता लाज वाटते. ज्या माणसाला 'संपर्क तुटला' आणि 'ईसीएम गेला' या दोन वाक्यांतला फरक शिकवता येतो आणि जो तो फरक काउंटरवर उभा राहून विचारत नाही, त्याने यंत्राविषयीचे नव्हे, भाषेविषयीचे अज्ञान दाखवले आहे. मीही पहिल्या दिवशी तेच केले. एस्टिमेट इंग्रजीत होते, घाई होती, साडेअकराचा तास होता. मी सही केली.

आपल्या अभ्यासक्रमात व्यावहारिक मराठी नावाचा पेपर आहे. त्यात आम्ही अर्जलेखन शिकवतो : रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, नळ दुरुस्तीसाठी नगरपालिकेला अर्ज. गेल्या आठवड्यात मी वर्गात माझे बिल नेले, नावे झाकून. प्रत्येक ओळीचा कर्ता शोधा, एवढेच सांगितले. चाळीस मुलांपैकी एकालाही शोधता आला नाही. कारण तो कुठे नव्हताच. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मग तुम्ही तक्रार केली का?" सर्व्हिस सेंटरला मी लेखी प्रश्न पाठवले होते. त्यांचे एका ओळीचे उत्तर आले आहे : आपले वाहन समाधानकारक स्थितीत आपणास सुपूर्द करण्यात आले आहे. मी ते फळ्यावर लिहिले. मुलीने ते वाचले आणि म्हणाली, "यातही कर्ता नाही."

जिल्हा आयोगाकडे द्यायचा अर्ज आम्ही आता वर्गातच लिहीत आहोत. पहिला मसुदा सात पानांचा झाला. त्यातली विशेषणे काढल्यावर तीन उरली. या महिनाअखेर तो दाखल होईल.